शहराचा विकास कोण ठरवतो? मुंबईच्या व्यापारी संघटना आणि आपली रिकामी खुर्ची

पुनर्विकासाच्या बैठकीला आम्ही वस्त्यांमधून जातो, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर पडते : "वरूनच ठरून आलंय, आता आपण काय करणार?" चाळीतली माणसे हे वाक्य हताशपणे बोलतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. आम्ही मात्र त्या वाक्यापाशीच थांबायचे ठरवले. हे 'वर' म्हणजे नेमके कोण? मंत्रालय? महापालिका? बिल्डर? उत्तर शोधताना आम्ही मागे मागे जात थेट १८३६ सालापर्यंत पोहोचलो. कारण मुंबईत 'शहराचे हित' या शब्दाचा अर्थ कोण लावतो, याचा इतिहास तिथून सुरू होतो.

२२ सप्टेंबर १८३६ रोजी बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. युरोपीय पेढ्या आणि त्यांच्या सोबत काही भारतीय, प्रामुख्याने पारशी व्यापारी. १८७५ मध्ये गिरणीमालकांचा संघ आला. १९०७ मध्ये भारतीय व्यापाऱ्यांनी आपले वेगळे इंडियन मर्चंट्स चेंबर काढले. या संघटनांचे काम काय? बंदरात धक्के हवेत, रेल्वेचे भाडे कमी हवे, कापसावरचा कर नको, रस्ता रुंद हवा, असे प्रत्येक प्रश्नावर सरकारला लेखी निवेदन द्यायचे, उत्तर आले नाही तर पुन्हा द्यायचे, आणि जिथे निर्णय होतो तिथे आपला माणूस बसवायचा.

व्यापाऱ्यांनी संघटना काढली यात गैर काहीच नाही, हे आधीच सांगून टाकतो. संघटित व्हा हे आपल्याला शिकवले गेले आहे; दुसरा संघटित झाला म्हणून त्याच्यावर चिडणे हा काही विचार नव्हे. आमचा प्रश्न वेगळा आहे. एका गटाचे हित 'शहराचे हित' म्हणून कायद्यात कसे शिरले आणि ज्यांच्या कष्टावर शहर उभे होते त्यांचे हित 'समस्या' कसे ठरले?

कायद्यातच राखीव जागा

१८८८ चा मुंबई महापालिका कायदा घ्या. याच कायद्यावर आजही मुंबईची महापालिका चालते. त्या वेळी सभागृहात ७२ सदस्य होते. ३६ जण वॉर्डांतून करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस ऑफ द पीस यांनी, १६ सरकारने नेमायचे, २ विद्यापीठाच्या फेलोंनी आणि २ चेंबर ऑफ कॉमर्सने निवडायचे. म्हणजे एका खासगी व्यापारी संस्थेला शहराच्या सभागृहात कायद्याने दोन जागा. उरलेल्यांत वॉर्डांतले मतदारही ठरावीक पट्टी भरणारे. गिरणीत बारा-तेरा तास राबणारा, बंदरात ओझी वाहणारा, या शहराचा मैला उचलणारा माणूस मतदारही नव्हता, मग सदस्य होणे दूरच.

आज आरक्षण म्हटले की ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांनी हे कलम जरूर वाचावे. मुंबईच्या सभागृहात राखीव जागा अस्पृश्यांच्या आधी व्यापाऱ्यांना मिळाल्या. तेव्हा गुणवत्तेचा प्रश्न कुणी विचारला नाही. 'त्यांचे हितसंबंध विशेष आहेत' एवढे कारण पुरले.

याच काळात दुसऱ्या बाजूला काय चालले होते? महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, कामावर जखमी झाल्यास भरपाई अशा मागण्यांचे निवेदन तयार झाले. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. चेंबरचे निवेदन आणि लोखंडेंचे निवेदन, कागद दोन्हीकडे होता. फरक इतकाच की एका कागदामागे सभागृहातली खुर्ची होती, दुसऱ्यामागे नव्हती. रविवारची सुट्टी मिळवायला १० जून १८९० उजाडला. एक सुट्टी, सहा वर्षे.

प्लेग आणि 'सुधारणा'

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग सापडला. कामगार हजारोंनी गावी पळाले, गिरण्या ओस पडू लागल्या. परदेशी बंदरांनी मुंबईच्या जहाजांवर आणि मालावर निर्बंध घातले. इथे व्यापारी वर्ग हादरला. गरिबांच्या खोल्यांत हवा-उजेड नाही ही गोष्ट काही १८९६ साली घडलेली नव्हती. पण ती 'शहराचा प्रश्न' तेव्हाच झाली जेव्हा तिने व्यापाराचे नुकसान केले.

१८९८ मध्ये कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. जमीन ताब्यात घ्यायची, दाट वस्त्या पाडायच्या, रस्ते काढायचे, नवीन भाग वसवायचे असे मोठे अधिकार त्याला मिळाले. महापालिकेच्या उत्पन्नातून त्याला पैसा मिळे, पण कारभार महापालिकेच्या हातात नव्हता. विश्वस्त मंडळात सरकारी अधिकारी, महापालिकेचे काही प्रतिनिधी आणि त्यांच्या जोडीला चेंबर ऑफ कॉमर्स, गिरणीमालक संघ आणि पोर्ट ट्रस्ट यांचे प्रतिनिधी. ज्यांच्या खोल्या पाडायच्या त्यांचा एकही नाही.

परिणाम ठरलेलाच होता. नागपाड्यापासून पाडापाडी सुरू झाली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते निघाले, हवा खेळू लागली, व्यापाराची वाहतूक सुलभ झाली. पण पाडलेल्या घरांतली माणसे शेजारच्या गल्लीतल्या आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. पहिल्या दोन दशकांत ट्रस्टने गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की संस्थेचे काम समजून घ्यायचे तर तिचे उद्दिष्ट वाचू नका, तिच्या निर्णयाच्या जागी कोण बसले आहे ते पाहा. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हे त्याचे पाठ्यपुस्तकातले उदाहरण आहे.

ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे नवे भाग आखले. तिथे मध्यमवर्गासाठी नेटक्या कॉलन्या उभ्या राहिल्या : पारसी कॉलनी, हिंदू कॉलनी. नावांतच समाजरचना दिसते. आणि कामगारांसाठी परळ, आग्रीपाड्यासारख्या ठिकाणी चाळी बांधल्या.

परळच्या चाळीतून साऊथबरो समितीपुढे

त्यातल्याच परळच्या बीआयटी चाळीत, क्रमांक एकच्या इमारतीत, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते. १९१२ च्या सुमारापासून १९३४ पर्यंत, म्हणजे जवळपास बावीस वर्षे. कोलंबियाला गेलेला, लंडनला गेलेला, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा हा माणूस इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा भाडेकरू होता. शहराच्या नियोजनाची व्यवस्था त्यांनी वरून नकाशात पाहिली नाही, तिच्या एका खोलीत बसून अभ्यास केला.

जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराबाबतच्या साऊथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. त्यांचा गाभ्याचा मुद्दा असा होता की अस्पृश्यांची मते दुसऱ्या कुणी मांडून चालणार नाही, अस्पृश्यांची माणसेच त्या सभागृहात बसली पाहिजेत. आणि त्यासाठी मताधिकाराची अट खाली आणली पाहिजे. आपण ही साक्ष नेहमी राजकीय हक्कांच्या इतिहासात वाचतो. पण तिच्या पार्श्वभूमीवर मुंबई ठेवून पाहा. ज्या शहरात व्यापाऱ्याचा प्रतिनिधी व्यापारीच असतो आणि तो कायद्याने असतो, त्याच शहरातल्या चाळीतून एक तरुण प्राध्यापक जाऊन सांगतो की आमचा प्रतिनिधी आमच्यातलाच हवा. जे तत्त्व चेंबरला लागू होते ते आम्हाला का नाही? आम्हाला तरी त्या साक्षीचा हा अर्थ फार महत्त्वाचा वाटतो.

१९२२ मध्ये महापालिकेचा मताधिकार भाडेकरूंपर्यंत वाढवला गेला, पण महिना १० रुपये भाडे भरणाऱ्यांपर्यंतच. त्याच सुमारास सरकारच्या कामगार कार्यालयाने केलेल्या पाहणीत ९७ टक्के कामगार कुटुंबे एका खोलीत राहत असल्याचे दिसले. अशा खोलीचे भाडे बहुधा दहा रुपयांच्या खालीच. म्हणजे दार उघडले, पण उंबरठा आपल्या छातीएवढा ठेवला. चेंबर, इंडियन मर्चंट्स चेंबर आणि गिरणीमालक संघ यांच्या जागा मात्र कायम राहिल्या. प्रौढ मताधिकारावर महापालिकेची निवडणूक व्हायला १९४८ साल यावे लागले.

बीडीडी : बोजा कापसावर, नियोजन कुणाचे?

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. तेच आपले बीडीडी. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचे जाहीर झाले. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी आणि सुमारे १६ हजार खोल्या झाल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या, कारण भाडे परवडत नव्हते. त्याच खात्याने बॅकबेवर समुद्र हटवून ११४५ एकर जमीन काढायचा घाट घातला. तो अर्धवट राहिला, खर्च मात्र फुगत गेला. नरिमन यांनी त्यावर टीकेची झोड उठवली. गरिबाला घर आणि श्रीमंताला किनाऱ्याची जमीन अशी दोन स्वप्ने एकाच खात्यात बांधली होती आणि दोन्ही निर्णयांत गरिबाला कुणी विचारले नव्हते.

पण या चाळींनी पुढे जे केले ते कुणाच्याही आराखड्यात नव्हते. इथे आपला समाज वसला, शिकला, बुद्धविहारे उभी राहिली. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल याच चाळींत झाली आणि नायगावच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. १६० चौरस फुटांत एक चळवळ मावली.

गिरणीच्या आत आणि बाहेर

आपल्यातले काही तरुण विचारतात की हा तर वर्गाचा प्रश्न झाला, यात जात कुठे आली? तर ऐका. गिरणीत चांगल्या पगाराचे काम विणकाम खात्यात होते. तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. मालकांनी ही विभागणी चालू दिली आणि सवर्ण कामगारांनी ती राखली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू आहेत असे सांगितले, त्यामागे हा अनुभव होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष संपात उतरला. खात्यातली जात थेट खोलीत येत होती : कमी पगार म्हणजे कमी भाड्याची खोली, कमी भाड्याची खोली म्हणजे मताधिकाराबाहेर, मताधिकाराबाहेर म्हणजे पाडापाडीच्या यादीत पहिला नंबर. वर्ग आणि जात यांची गाठ अशी असते.

शांघायचे स्वप्न

स्वातंत्र्यानंतर व्यापारी संघटनांच्या राखीव जागा गेल्या, पण त्यांचे वजन गेले नाही. त्यांनी रीत बदलली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर बॉम्बे चेंबरच्याच पुढाकाराने, लंडनमधल्या अशाच संस्थेच्या धर्तीवर 'बॉम्बे फर्स्ट' ही संस्था निघाली. सप्टेंबर २००३ मध्ये तिने मॅकिन्झी या सल्लागार कंपनीसोबत 'व्हिजन मुंबई' हा अहवाल मांडला. २०१३ पर्यंत मुंबईला जागतिक दर्जाचे शहर करायचे, त्यासाठी दोन लाख कोटी रुपयांची गुंतवणूक लागेल, झोपडपट्टीत राहणाऱ्यांचे प्रमाण ५०-६० टक्क्यांवरून १०-२० टक्क्यांवर आणायचे, असे त्यात होते. एका खासगी संस्थेचा अहवाल, पण काही महिन्यांतच राज्य सरकारने त्यावर कृतिगट नेमला. १८३६ ची परंपरा किती जिवंत आहे ते इथे कळते.

२००४ च्या अखेरीस पाडापाडी सुरू झाली. काही महिन्यांत ८० हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या गेल्या. २००० सालापर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देऊ असे आश्वासन देऊन निवडून आलेल्या सरकारच्याच काळात हे घडले. त्या अहवालात 'पाडा' असे लिहिले होते असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की माणसांचे रूपांतर टक्क्यात केले की पुढचे काम बुलडोझरला सोपे जाते. त्या टक्क्यांमध्ये घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगरही येते, जिथे ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात आपली दहा माणसे गेली. आपल्यासाठी ती वस्ती म्हणजे स्मृती. अहवालासाठी टक्केवारी.

गिरण्यांच्या जमिनीचेही तेच. १९९१ च्या नियमाने बंद गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशोब संपूर्ण जमिनीऐवजी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीवर आणला. काही शब्द बदलले आणि शहराच्या वाट्याची कित्येक एकर जमीन आटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ही दुरुस्ती टिकली. त्या जमिनीवरचे टॉवर आज आपण लोअर परळला पाहतो.

आता आपल्याकडे बोट

इथवर आम्ही दुसऱ्यांबद्दल लिहिले. आता स्वतःबद्दल.

इंदू मिलच्या जमिनीसाठी आपण लढलो. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते आत घुसले आणि अखेर सरकारला सुमारे १२ एकर जमीन बाबासाहेबांच्या स्मारकाला द्यावी लागली. आपली ताकद काय आहे ते त्या दिवशी दिसले. पण याच गिरणगावात बाकीच्या जमिनीचा नियम २००१ मध्ये बदलत होता तेव्हा आपण कुठे होतो? ती दुरुस्ती आपल्यातल्या किती जणांनी वाचली? स्मारकाच्या जमिनीसाठी हजारो, आणि कामगारांच्या, वस्त्यांच्या जमिनीसाठी मूठभर, हे प्रमाण आपल्याला अस्वस्थ करत नसेल तर आपले काहीतरी चुकते आहे. बाबासाहेबांच्या नावाने जमीन मिळवणे आणि बाबासाहेबांच्या माणसांसाठी जमीन राखणे, दोन्ही कामे आपलीच आहेत.

काही साथी म्हणतील की निवेदने, हरकती ही मध्यमवर्गीय नागरी मंडळींची कामे, आपली भाषा रस्त्यावरची. आम्हाला हे पटत नाही. साऊथबरो समितीपुढचे निवेदन, सायमन आयोगापुढचे निवेदन, गोलमेज परिषदेतला मसुदा, १९४७ चे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे सगळे काय आहे? महाडचा सत्याग्रह करणाऱ्याच माणसाने ते लिहिले. रस्ता आणि कागद अशी विभागणी बाबासाहेबांनी कधी केली नव्हती, ती आपण आपल्या आळसासाठी केली. आपण बुलडोझर आल्यावर रस्त्यावर येतो. चेंबर बुलडोझरच्या पाच वर्षे आधी कागदावर येते.

कागदाने काही होत नाही असेही नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. चुकांवर बोट ठेवणाऱ्या हरकतींचा असा पाऊस पडला की एप्रिलमध्ये सरकारला तो आराखडा मागे घेऊन नव्याने करायला सांगावे लागले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप आराखड्यावर कुणीही माणूस हरकत घेऊ शकतो. त्यासाठी पट्टी भरावी लागत नाही, १० रुपये भाड्याची अटही नाही. १८८८ साली आपल्या आजोबा-पणजोबांना जे दार बंद होते ते आज उघडे आहे. आपण त्यातून आत जात नाही, हा दोष कुणाच्या माथी मारायचा?

मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते, प्रशासकच कारभार पाहत होता. अशा वेळी ज्याची पोहोच थेट दालनापर्यंत आहे त्याचेच ऐकले जाते आणि वस्तीचा नगरसेवकही नसतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने दिलेल्या अनुसूचित जातींच्या आणि महिलांच्या राखीव जागा सभागृहच नसेल तर कागदावरच राहतात. हा आपल्या प्रतिनिधित्वावरचा घाला होता. आपण त्यावर किती मोर्चे काढले?

आज बीडीडीच्या १६० फुटांच्या जागी ५०० फुटांची घरे येत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या चाव्या मिळाल्या. ज्यांनी तीन पिढ्या त्या खोलीत काढल्या त्यांच्या डोळ्यांतले पाणी खरे आहे आणि त्या आनंदावर आम्ही विरजण घालणार नाही. पण टॉवरचा देखभाल खर्च दहा वर्षांनी कोण भरणार, विहाराची आणि वाचनालयाची जागा कुठे असणार, विक्रीसाठीच्या इमारती आणि आपल्या इमारती यांच्यामध्ये भिंत येणार का, हे प्रश्न चावी मिळण्याआधी लेखी विचारायचे असतात. नंतर विचारले तर ती तक्रार होते.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. प्रत्येक वॉर्डात पाच जणांचा एक गट करा. एकाने आपल्या भागाचा विकास आराखडा वाचावा, एकाने महापालिकेचा अर्थसंकल्प, एकाने पुनर्विकासाचे करार, एकाने माहिती अधिकाराचे अर्ज सांभाळावेत आणि एकाने हे सगळे वस्तीतल्या आया-बहिणींना समजेल अशा भाषेत सांगावे. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा या कामाला ठेवा. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास नकाशा उलगडा. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात घोषणा नाहीत, फोटो नाहीत. व्यापारी संघटना गेली जवळपास १९० वर्षे हेच कंटाळवाणे काम न कंटाळता करत आल्या आहेत, आणि त्यांचे वजन त्यातूनच आले आहे.

पुढच्या बैठकीत कुणी "वरूनच ठरून आलंय" म्हणाले, तर आम्ही एवढेच विचारणार आहोत : ठरत होते तेव्हा आपली हरकत दाखल होती का? असेल तर तिचा नंबर सांगा. नसेल तर आज लिहायला बसू.

जय भीम!